विश्लेषण : मोबाइलच्या मापावर सायकलची फ्रेम बेतता येते का?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर झाली. एकूण ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीचा एक टप्पा बारामतीपर्यंत आला होता. शर्यतीतील सायकलपटू आणि त्यांच्या सायकली पाहिल्या की सायकल जणू त्यांच्या अंगावर बेतून घेतली आहे असे वाटते. आता मोबाइलवरची काही ॲप दोन-चार छायाचित्रांवरून शरीराची मापे काढून देतात. त्या मापांवर स्वतःसाठी खास फ्रेम बनवून घेता येते, असेही सांगितले जाते. सायकल फिटिंगचे स्टुडिओ प्रामुख्याने पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत. त्यामुळे काटेवाडीच्या पुढे, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या सणसरसारख्या गावातील सायकलस्वाराला ही सोय मोलाची वाटणे साहजिक आहे. मात्र कपडा चुकला तर उसवता येतो, जोडलेली फ्रेम उसवता येत नाही. म्हणून हे माप कसे निघते, कुठे चुकते आणि त्यावर किती विसंबावे, हे आधी समजून घ्यायला हवे.

फ्रेमचे माप म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे सायकलचे माप ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ असे सांगितले जात आले. हा आकडा चाकाचा नसून फ्रेमचा, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचा असतो. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना याच दोन-तीन मापांत भागवावे लागले. मुलांची उंची पुरत नसे, तेव्हा ती आडव्या नळीखालून पाय घालून अर्धे पेडल मारत शिकली.

आज केवळ उभ्या नळीच्या लांबीवर फ्रेम ठरत नाही, कारण अनेक फ्रेमची वरची नळी मागे उतरती असते. त्याऐवजी ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ ही दोन मापे वापरली जातात. पेडलचे दोन्ही दांडे (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्या ठिकाणाला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिथून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. स्वार किती ताठ बसणार आणि किती पुढे झुकणार, हे प्रामुख्याने या दोन आकड्यांवर ठरते. दोन कंपन्यांच्या ‘५४’ मापाच्या फ्रेम प्रत्यक्षात वेगळ्या निघू शकतात, पण स्टॅक आणि रीच ताडून पाहिले की फरक लगेच कळतो.

शर्यतीतील सायकलपटूंची फ्रेमसुद्धा बहुतेक वेळा ठरावीक साच्यातून निघालेली कार्बनची असते. ती अंगावर बेतलेली दिसते, कारण सीटची उंची, सीटचे पुढे-मागे असणे आणि हँडलची लांबी-उंची मिलिमीटरमध्ये जुळवलेली असते.

शरीराची कोणती मापे लागतात?

सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचे अंतर. सायकलच्या भाषेत त्याला ‘इनसीम’ म्हणतात. शिंपी पँटसाठी घेतो ते माप इथे चालत नाही. पँट घोट्यापाशी संपते, शिवाय कापडाला ऐसपैसपणा लागतो. सायकलचे माप मात्र थेट जमिनीपर्यंत आणि हाडाला टेकवून घ्यावे लागते, कारण सीटवर शरीराचा भार हाडावरच येतो.

याशिवाय धडाची लांबी, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे घेतली जातात. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड, तर दुसऱ्याचे उलट असू शकते. त्यामुळे ‘उंची इतकी तर फ्रेम इतकी’ असा तक्ता केवळ अंदाजासाठी ठीक असतो.

सूत्रांचा हिशेब कसा होतो?

इनसीमवरून सीटची उंची काढण्याची दोन सूत्रे जुनी आणि प्रसिद्ध आहेत. ब्रिटनमधील लफबरो येथील हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये १०९ टक्क्यांचे सूत्र मांडले. त्यानुसार पेडल सर्वांत खाली असताना पेडलच्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतचे अंतर इनसीमच्या १०९ टक्के असावे. दुसरे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचे. ‘टूर द फ्रान्स’ तीनदा जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्यामुळे ते जगभर पोहोचले. त्यात इनसीमला ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटपासून सीटपर्यंतची उंची मिळते. रोड सायकलच्या फ्रेमच्या ढोबळ मापासाठी इनसीमला ०.६७ ने गुणण्याचाही प्रघात आहे.

समजा एखाद्याचा इनसीम ७८ सेंटीमीटर आहे. गिमार यांच्या सूत्राने सीटची उंची ६८.९ सेंटीमीटर येते. १०९ टक्क्यांच्या सूत्राने एकूण अंतर ८५ सेंटीमीटर येते. त्यातून १७ सेंटीमीटरचा क्रँक वजा केला तर उरतात ६८. म्हणजे माप एकच असूनही दोन मान्यताप्राप्त सूत्रांच्या उत्तरांत जवळपास एक सेंटीमीटरचा फरक पडतो. फ्रेमचे माप येते ५२ सेंटीमीटरच्या आसपास. ॲपने दशांशापर्यंत आकडा दाखवला तरी मुळात सूत्रे इतकी नेमकी नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे.

मोबाइल किंवा स्कॅनर माप कसे काढतो?

डिजिटल मापनाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार छायाचित्राचा. संगणकीय प्रणाली चित्रातील माणसाचे खांदे, कोपरे, खुबे, गुडघे आणि घोटे ओळखून तिथे बिंदू ठेवते. गूगलची ‘मीडियापाइप’ ही प्रणाली अशा प्रकारे शरीरावर ३३ बिंदू शोधते. बिंदूंमधील अंतर आधी पिक्सेलमध्ये मिळते. त्याचे सेंटीमीटर करण्यासाठी चित्रात माहितीतले माप लागते. ते माप म्हणजे स्वाराने भरलेली स्वतःची उंची किंवा शेजारी धरलेला २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा ए-४ कागद असू शकतो.

दुसरा प्रकार खोली मोजण्याचा. २०२० पासून आयफोनच्या काही महागड्या मॉडेलमध्ये ‘लायडार’ संवेदक असतो. त्यातून निघालेला प्रकाश शरीरावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, यावरून अंतर कळते. मोठे थ्रीडी स्कॅनर काही सेकंदांत संपूर्ण शरीराचा पृष्ठभाग टिपतात.

तिसरा प्रकार फिटिंग स्टुडिओतला. त्यात स्वार स्टँडवरच्या सायकलवर प्रत्यक्ष पेडल मारतो. अमेरिकेतील ‘रेट्यूल’ प्रणालीत मनगट, कोपर, खांदा, खुबा, गुडघा, घोटा, टाच आणि पायाची बोटे अशा आठ ठिकाणी संवेदक चिकटवून हालचाल त्रिमितीत नोंदवली जाते. उभ्या माणसाऐवजी सायकल चालवणारा माणूस मोजणे, हा तिचा मुख्य फायदा.

चूक कुठे होते?

सर्वांत मोठी चूक कागद आणि शरीर एका रेषेत नसल्याने होते. समजा ए-४ कागद भिंतीवर चिकटवला, मोबाइल भिंतीपासून ३ मीटरवर ठेवला आणि माणूस भिंतीपुढे १५ सेंटीमीटरवर उभा राहिला. माणूस कॅमेऱ्याला कागदापेक्षा जवळ असल्याने तो सुमारे ५ टक्के मोठा दिसतो. त्यामुळे ७८ सेंटीमीटरचा इनसीम ८२ भरतो. मग सीटची उंची ६८.९ ऐवजी ७२.४ येते आणि फ्रेम ५२ ऐवजी ५५ च्या घरात जाते. केवळ कागद चुकीच्या जागी लावल्यामुळे फ्रेम एक-दीड माप मोठी ठरते. मोबाइल ६ मीटरवर नेला तर हीच चूक निम्मी होते आणि कागद शरीराच्याच रेषेत धरला तर जवळपास नाहीशी होते.

दुसरी अडचण शरीराची आहे. खुब्याचा सांधा मांसाखाली असतो, तो कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. प्रणाली फक्त त्याच्या जागेचा अंदाज बांधते. लेंगा, सलवार किंवा सैल ट्रॅक पँट घातली असेल तर हा अंदाज आणखी ढासळतो. जांघेचा बिंदूही स्कॅनरला कातडीवर दिसतो, तर सीटवर बसल्यावर मऊ भाग दबून भार हाडावर जातो. म्हणून महागड्या स्कॅनपेक्षा नीट घेतलेले हाताचे माप इनसीमसाठी अनेकदा जास्त उपयोगी पडते.

मोबाइल तिरका धरला किंवा जमिनीपासून फार वर-खाली ठेवला तरी पाय आणि धड यांचे प्रमाण बदलते. छातीच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रात पाय आखूड, तर जमिनीजवळून घेतलेल्या चित्रात लांब दिसतात. मोबाइल कंबरेच्या उंचीवर, सरळ उभा, स्टूलवर टेकवून ठेवणे सर्वांत सोयीचे.

घरच्या घरी खातरजमा कशी करावी?

त्यासाठी एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, पेन्सिल आणि धातूची मापपट्टी पुरते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे. दोन्ही पावलांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवावे. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात टेकवून ते दोन मांड्यांमध्ये सीटसारखे वर दाबावे. दाब हलका नको, सीटवर बसल्यावर जाणवतो तेवढा असावा. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावे. असे तीनदा करावे. तिन्ही आकड्यांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजावे, नाहीतर सरासरी घ्यावी.

हे माप आणि ॲपचे माप जुळले तर ॲपने दिलेल्या हाताच्या आणि धडाच्या मापांवरही बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक असेल तर बाकीची मापेही त्याच प्रमाणात चुकली असण्याची शक्यता मोठी. मग छायाचित्र नव्याने घेणेच बरे.

शरीराचे माप म्हणजेच फ्रेमचे माप का नाही?

हाताची आणि धडाची लांबी सारखी असली तरी दोघे सारखेच झुकू शकत नाहीत. कंबरेची आणि मांडीमागच्या स्नायूंची लवचीकता, जुनी दुखापत, वय आणि सायकलचा वापर यांवर बसण्याची ढब ठरते. शर्यतीत उतरणाऱ्या विशीतल्या मुलाला आणि रोज सकाळी ३० किलोमीटर फिरणाऱ्या पन्नाशीतल्या शिक्षकाला एकच रीच सोसणार नाही. हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून जाणारा माणूस सीट मुद्दाम खाली ठेवतो, कारण थांबताना त्याला दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे असतात. सूत्राप्रमाणे ते चूक असेल, त्याच्या कामाप्रमाणे बरोबर आहे.

म्हणून जाणकार फिटर आकडा हा आरंभ मानतात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा, हा स्थिर स्थितीतला प्रचलित संकेत आहे. सायकल चालती असताना घोट्याची हालचाल मिसळते आणि हाच कोन बदलतो. सीट फार उंच झाली तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघ्यामागे दुखते. फार खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. रीच जास्त झाला तर मान आखडते आणि तळहाताला मुंग्या येतात. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर पाच तासांत प्रत्येक पाय २४ हजार वेळा फिरतो. गावात फेरफटका मारताना न जाणवणारी चूक लांबच्या पल्ल्यात दुखण्याच्या रूपाने बाहेर पडते ती यामुळे.

फ्रेम घडवणारा या आकड्यांचे काय करतो?

कारागिराला आधी तीन जागा ठरवाव्या लागतात. पाय पेडलवर कुठे, बूड सीटवर कुठे आणि हात हँडलवर कुठे असणार, हे एकमेकांच्या संदर्भात निश्चित झाले की मधल्या नळ्यांची लांबी आणि कोन हिशेबाने निघतात. त्यासाठी कॅनडातील ब्रेंट करी यांनी तयार केलेले ‘बाइककॅड’ हे सॉफ्टवेअर जगभरचे फ्रेमकार वापरतात. त्यात एक आकडा बदलला की संपूर्ण आराखडा बदललेला दिसतो.

हाताने सायकली घडवण्याचे काम पुण्यातही झाले आहे. हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या सायकली बनवल्या. अशा सायकलीत फ्रेमच्या नळ्यांच्या जागी बांबू असतो आणि जोडावर साधारणपणे तंतू गुंडाळून इपॉक्सी भरले जाते. इपॉक्सी सुकल्यावर कोन बदलता येत नाही. पोलादाच्या नळ्या वितळजोडाने किंवा पितळेने जोडल्या तरी तीच गोष्ट.

म्हणून कोणती चूक परवडते आणि कोणती नाही, हे ओळखणे महत्त्वाचे. सीटची उंची पान्याने मिनिटभरात बदलते. सीट पुढे-मागे काही सेंटीमीटर सरकते. हँडल धरून ठेवणारा स्टेम लांब-आखूड बदलता येतो आणि त्याखालच्या कड्या कमी-जास्त करून हँडल वर-खाली करता येते. आडव्या नळीची लांबी, हँडलखालच्या नळीची उंची, सीटच्या नळीचा कोन आणि बॉटम ब्रॅकेटची जमिनीपासूनची उंची मात्र कायमची ठरते. इनसीम एक सेंटीमीटर चुकला तर सीटच्या दांड्यात भरून निघतो. धड आणि हाताचे माप चुकून रीच तीन सेंटीमीटर जास्त झाला तर स्टेम आखूड करावा लागतो आणि त्याने सायकल वळवण्याची ढब बिघडते.

भारतीय मापांचा प्रश्न काय?

तयार सायकलींचे आकार बऱ्याच अंशी युरोप-अमेरिकेतील शरीरयष्टी समोर ठेवून ठरले. भारतीय शरीराच्या मापांचा मोठा संग्रह राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने १५ ते ६५ वयोगटातील २५ हजारांहून अधिक जणांची मापे घेण्याचे ठरले. त्याचा हेतू तयार कपड्यांचा असला तरी अशा माहितीचा उपयोग सायकलीलाही होऊ शकतो.

याची सर्वाधिक झळ महिलांना बसते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. नेहमीच्या मोठ्या चाकांवर एवढी लहान फ्रेम बसवली की वळताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागतो. ते टाळायला फ्रेम लांब केली तर हात हँडलपर्यंत ताणावे लागतात. अशा वेळी लहान व्यासाची चाके घेऊन त्यांना साजेशी फ्रेम बांधणे हा चांगला उपाय ठरतो. खास मापाच्या फ्रेमची खरी गरज इथे आहे.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

पहिला प्रश्न गरजेचा. मध्यम उंचीच्या आणि पाय-धड प्रमाणात असलेल्या बहुतेकांना तयार फ्रेम, योग्य स्टेम आणि नीट बसवलेली सीट पुरते. फार उंच किंवा फार बुटके असणारे, दोन पायांच्या लांबीत फरक असणारे, जुनी दुखापत असणारे आणि सलग शेकडो किलोमीटर चालवणारे यांच्यासाठी खास फ्रेमचा खर्च सार्थकी लागू शकतो.

दुसरा, मापाचा. केवळ ॲपचा अहवाल पाठवून ऑर्डर देऊ नये. हाताने घेतलेला इनसीम, सध्याच्या सायकलची सीट-हँडलमधील अंतरे आणि ती चालवताना नेमके कुठे दुखते, हे तिन्ही कारागिराला कळवावे. सध्याची सायकल हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा पुरावा असतो. शक्य असेल तर एकदा शहरात जाऊन लांबी-उंची बदलता येणाऱ्या फिटिंग सायकलवर किमान अर्धा तास पेडल मारून पाहावे. नळ्या कापण्याआधी आराखडा मागून घ्यावा, त्यावरील स्टॅक आणि रीच सध्याच्या सायकलशी ताडावेत आणि माप चुकल्यास जबाबदारी कुणाची, हे लेखी ठरवावे.

तिसरा प्रश्न छायाचित्रांचा. ही चित्रे तंग कपड्यांतली असतात आणि अनेकदा ॲपच्या सर्व्हरवर जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याची तरतूद आहे. तरीही मोजणी मोबाइलमध्येच होते की चित्र बाहेर पाठवले जाते, हे ॲप सुरू करतानाच पाहावे. लहान मुलांची चित्रे चढवताना तर अधिक काळजी घ्यावी.

ज्यांना खास फ्रेम घ्यायचीच नाही, त्यांनाही यातून एक फायदा फुकट मिळतो. भिंत, पुस्तक आणि मापपट्टी वापरून इनसीम काढावा, त्याला ०.८८३ ने गुणावे आणि मोकळ्या रस्त्यावर चालवायच्या सायकलची सीट एकदम न उचलता दर आठवड्याला थोडी थोडी त्या उंचीकडे न्यावी. कंबर डोलू लागली तर थोडे खाली यावे. शाळेला जाणाऱ्या मुलांची उंची वर्षभरात बदलते, त्यांच्या सायकलची सीट दर सत्राच्या सुरुवातीला तपासावी. मात्र गर्दीत पाय टेकता येणे गरजेचे असल्याने त्यांच्यासाठी सूत्रापेक्षा थोडी कमी उंचीच योग्य.